चित्रीकरण उठून गेल्यावर गावात काय राहते? जिल्ह्याच्या ठिकाणी चित्रपट-मालिका निर्मितीचा समूह उभा करताना

सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला वाडा आणि कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातला वाडा ही दोन घरे मराठी मालिकांच्या प्रेक्षकांनी कधी प्रत्यक्ष न पाहताही ओळखली. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात निर्बंधांमुळे चित्रीकरण थांबले, तेव्हा कित्येक मराठी मालिकांचा मुक्काम गोव्यात हलला आणि मे महिन्यात गोव्यानेही परवानगी मागे घेतल्यावर तो तिथूनही उठला. अशा प्रत्येक मुक्कामात जेवणाचे डबे, गाड्या, जनरेटर, भाड्याच्या खोल्या आणि गर्दीत उभी राहणारी माणसे स्थानिकच असतात, आणि तरीही युनिटचा शेवटचा टेम्पो रस्त्याला लागल्यानंतर त्या तालुक्यात पुढचा चित्रपट स्वतःच्या बळावर करू शकेल असे बहुधा काहीच उरलेले नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी काय करावे लागते, कोणत्या क्रमाने करावे लागते आणि कुठे सावध राहावे लागते, ते या लेखात सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः कोल्हापूरची घेतली आहेत, कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्या शहराने पाहिल्या आहेत.

बाबूराव पेंटर मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे चित्रकार होते. कोल्हापुरातल्या कारागिरांना हाताशी धरून त्यांनी १९१८ मध्ये स्वतःचा कॅमेरा बनवला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल मिळाले ते गायिका तानीबाई कागलकर यांच्याकडून. म्हणजे कौशल्य गावातले, पैसाही गावातला. त्या कंपनीत काम शिकलेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली, आणि चारच वर्षांनी, १९३३ मध्ये, प्रभात पुण्याला गेली. हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, पण त्यातला कामाचा भाग वेगळाच आहे: पेंटरांच्या कंपनीने माणसे घडवली म्हणून एका संस्थेतून दुसरी जन्माला आली. मालेगावात नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास लग्नाचे शूटिंग करणारे आणि यंत्रमागावर काम करणारे मित्र घेऊन चित्रपट केले तेव्हा त्यांच्याकडे मोठे भांडवल नव्हते, पण आधीपासून चालवलेले व्हिडिओगृह आणि त्यात रोज येऊन बसणारा प्रेक्षक होता. दोन्ही ठिकाणी सुरुवात गावात आधीच असलेल्या गोष्टींपासून झाली, आणि तीच सुरुवात आजही करावी.

पहिले काम: माणसांची नोंदवही

संस्था नोंदवण्याच्या, बोधचिन्ह करण्याच्या आणि उद्घाटनाला पाहुणे बोलावण्याच्या आधी तीन महिने केवळ नोंद करण्यात घालवावेत. जिल्ह्यात चित्रीकरणाला उपयोगी पडणारे कोण कोण आहे याची एक वही करावी आणि तीच पुढे संगणकावर उतरवावी. समाजमाध्यमावर ‘कलाकार हवेत’ असे आवाहन केले तर आठ दिवसांत दोनशे नावे येतील आणि त्यातली एकशे ऐंशी अभिनयासाठी असतील. ध्वनिमुद्रण येणारा एकही नसेल. म्हणून आवाहनापेक्षा पायपीट उपयोगी पडते. लग्नाचे चित्रीकरण करणारे, मंडप आणि डेकोरेशनवाले, जनरेटर भाड्याने देणारे, देवळांच्या उत्सवात आणि नाटकांत प्रकाशयोजना करणारे, राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरणारे हौशी गट, नाटकांचे कपडे भाड्याने देणारे, रंगभूषाकार, सुतार, फ्लेक्सचे काम करणारे, वकील, चार्टर्ड अकाउंटंट, आकाशवाणीवर काम केलेले निवृत्त लोक आणि मुंबई-पुण्याच्या युनिटमध्ये काही वर्षे काढून गावी परतलेले लाइटमन किंवा स्पॉटबॉय, या सगळ्यांकडे प्रत्यक्ष जावे.

प्रत्येक नावापुढे काय लिहायचे तेही ठरवून घ्यावे. तो नेमके कोणते काम करतो, स्वतःचे साधन कोणते आहे, आतापर्यंत कोणकोणत्या चित्रीकरणावर होता, बारा तासांच्या शिफ्टचा दर किती, सुगीच्या किंवा लग्नसराईच्या कोणत्या दिवसांत तो मोकळा नसतो, आणि त्याचा फोन नंबर बाहेरच्या निर्मात्याला द्यायला त्याची हरकत आहे का. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण परवानगी न विचारता महिला कलाकारांचे नंबर पसरले की त्या समूहातून कायमच्या दूर जातात, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. अनुभवाबद्दल जे सांगितले जाईल ते पडताळून पाहावे. ‘तीन मालिका केल्या’ असे म्हणणारा माणूस त्या मालिकांच्या सेटवर गाडी चालवत असू शकतो. त्यात कमीपणा काहीच नाही, पण नोंद चालक म्हणूनच व्हायला हवी.

ही वही दर सहा महिन्यांनी अद्ययावत करण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे द्यावी आणि त्या कामाचे थोडे तरी मानधन तिला द्यावे. फुकट सांभाळलेली वही दुसऱ्या वर्षी जुनी होते.

एकत्र पाहण्याची सवय

भारतात फिल्म सोसायट्यांचा, म्हणजे एकत्र चित्रपट पाहून चर्चा करणाऱ्या मंडळांचा, महासंघ १९५९ मध्ये स्थापन झाला आणि सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष होते. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करते आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नवी सोसायटी काढावी किंवा असलेल्या सोसायटीत सामील व्हावे, पण महिन्यातला एक ठरलेला दिवस आणि एक ठरलेली जागा असावी. ‘महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा’ असे एकदा ठरले की पाऊस, निवडणूक किंवा क्रिकेटचा सामना काहीही असो, ते मोडू नये. पहिल्या वर्षी बारा माणसे आली तरी पुरे.

दाखवण्याच्या चित्रपटाच्या हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्यावी. इंटरनेटवरून उतरवलेली प्रत दाखवणाऱ्या समूहाला पुढे स्वतःच्या चित्रपटाची चोरी झाल्यावर तक्रार करण्याचा नैतिक अधिकार राहत नाही, आणि लहान निर्माते परवानगी सहसा आनंदाने देतात. चित्रपटानंतरची चर्चा मात्र ‘आवडला की नाही’ यावर सोडू नये. एका वेळी एकच बाजू घ्यावी: या महिन्यात केवळ आवाज, पुढच्या महिन्यात केवळ घरातल्या दृश्यांचा प्रकाश, त्यानंतर संकलन. वर्षभराने हीच माणसे सेटवर एकमेकांशी त्याच भाषेत बोलू लागतात.

सराव: लहान चित्रपट, बदलती कामे आणि आवाज

पहिलाच प्रयत्न पूर्ण लांबीचा करण्याचा मोह जवळजवळ प्रत्येक गटाला होतो आणि बहुतेक गट त्यातच संपतात. पहिल्या वर्षात पाच ते सात मिनिटांचे सहा लघुपट करावेत आणि प्रत्येक वेळी कामे बदलावीत. ज्याने दिग्दर्शन केले त्याने पुढच्या वेळी कंटिन्युइटी (एका शॉटमधले तपशील पुढच्या शॉटशी जुळतात का ते) पाहावी, ज्याने अभिनय केला त्याने बूम (काठीला लावलेला मायक्रोफोन) धरावा. हा नियम दिग्दर्शकांना जड जातो, पण बूम धरून आठ तास उभे राहिलेला माणूस पुढे कधीही ‘आवाज नंतर बघू’ असे म्हणत नाही.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जिल्ह्यात तयार होणारे बहुतेक चित्रपट चित्रामुळे नाही तर आवाजामुळे महोत्सवांतून आणि वाहिन्यांकडून परत येतात. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात चित्रीकरणाचा सोयीचा काळ आणि उसाचा गळीत हंगाम साधारण एकच असतो, आणि ऊस भरलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून रात्रंदिवस धावत असतात. विहिरीवरचा पंप, देवळाचा भोंगा, शाळेची मधली सुट्टी आणि वीज गेल्यावर सुरू होणारे शेजारचे इन्व्हर्टर या सगळ्यांची वेळ असते, आणि ती वेळ रेकीच्या, म्हणजे जागा पाहायला जाण्याच्या, दिवशीच लिहून घ्यायची असते. म्हणून रेकीला दिग्दर्शक आणि छायालेखकाबरोबर ध्वनिमुद्रकही गेलाच पाहिजे आणि त्याने दृश्य ज्या वेळी चित्रित होणार आहे त्याच वेळी तिथे डोळे मिटून दहा मिनिटे बसावे. चित्रीकरणात ध्वनी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यावा, प्रत्येक जागेचा किमान अर्धा मिनिट निव्वळ शांततेचा आवाज मुद्रित करावा, आणि संवाद बिघडला असेल तर कलाकार मेकअप उतरवण्याच्या आधी तिथेच तो पुन्हा बोलून घ्यावा. मुंबईत डबिंगला यायला गावातल्या हौशी कलाकाराला तीन महिन्यांनी रजा मिळत नाही.

चित्राच्या बाबतीत पहिल्या दिवसाआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवले तर उजेड लुकलुकत नाही. चित्रपटगृहासाठी २४ फ्रेम ठेवायच्या असतील तर शटर १७२.८ अंशांवर, म्हणजे पुन्हा १/५० सेकंदावरच, ठेवावे. हा निर्णय चित्रीकरणाच्या मध्यावर बदलला तर संकलकाचा आठवडा जातो. दुसरी गोष्ट साठवणुकीची. प्रोरेस ४२२ एचक्यू या फाइल-प्रकारात फोर-के चित्रीकरण केल्यास तासाला ३०० जीबीच्या वर जागा लागते, आणि प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, तीन वेगळ्या डिस्कवर आणि त्यांपैकी एक वेगळ्या घरात, असल्याशिवाय कार्ड पुसू नये. आमच्या एका लघुपटाची दोन दिवसांची मेहनत एकुलत्या एक हार्ड डिस्कसह टेबलावरून खाली पडली, तेव्हापासून आमच्याकडे कार्ड पुसण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे आणि तो दिग्दर्शक नसतो.

संस्थेचे रूप

वर्षभर काम झाल्यानंतर, त्याआधी नाही, संस्थेची नोंदणी करावी, कारण तोवर कोण टिकते हे कळलेले असते. प्रशिक्षण, प्रदर्शने आणि देणग्या हे मुख्य काम असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्यांची संस्था काढता येते आणि महाराष्ट्रात तिची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही होते. साधने एकत्र विकत घेऊन भाड्याने द्यायची असतील तर सहकारी संस्थेचा विचार अवश्य करावा. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात, आणि ज्या प्रदेशात दूध, साखर आणि पतपुरवठा सहकारातून उभा राहिला तिथे सभासद, भाग आणि वार्षिक सभा हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. अर्थात सहकारातले गटातटाचे राजकारणही तितकेच परिचयाचे आहे, म्हणून पदाधिकाऱ्यांची मुदत आणि एका व्यक्तीला किती वेळा पद घेता येईल हे उपविधीत पहिल्याच दिवशी लिहावे. प्रत्यक्ष चित्रपटाची निर्मिती मात्र या संस्थेच्या नावावर करू नये. प्रत्येक चित्रपटासाठी वेगळी भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असावी, म्हणजे एका चित्रपटाचे कर्ज सगळ्यांच्या कॅमेऱ्यांवर येत नाही.

कागद: मित्रामित्रांत सर्वांत आधी

‘आपल्यात कसला करार’ हे वाक्य ऐकू आले की त्याच दिवशी करार करावा. पटकथाकार, संगीतकार, गीतकार, छायालेखक, कलाकार आणि जागेचा मालक या प्रत्येकाशी एक-दोन पानांचा मराठी करार पुरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशी असावे लागते. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत आणि कोणता प्रदेश हे लिहिलेले असावे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत धरतो, म्हणजे सात वर्षांनी परदेशी वाहिनीने चित्रपट मागितला की पटकथाकाराच्या दारात पुन्हा जावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरच्या रॉयल्टीचा जो वाटा मिळतो, तो करारात ‘सोडला’ असे लिहून घेता येत नाही.

लोकगीतांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. पारंपरिक ओवी किंवा धनगरी गीत कुणाच्या मालकीचे नसते, पण एखाद्या कंपनीने प्रसिद्ध केलेले त्याचे ध्वनिमुद्रण त्या कंपनीचे असते आणि एखाद्या कवीने त्यात घातलेली नवी कडवी त्या कवीची असतात. ज्या बाईंनी ओवी म्हटली त्यांच्याशी करार करून, मानधन देऊन आणि श्रेयनामावलीत त्यांचे पूर्ण नाव घालूनच ती नव्याने मुद्रित करावी.

अभिनयाचा अनुभव नसलेल्या गावकऱ्यांबरोबर काम करताना ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात स्थानिक माणसांना घेऊन चित्रित झाला आणि २०२३ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. अशा यशानंतर अनेक गट गावाकडे वळले आहेत. गावकऱ्याला करार वाचून दाखवावा, त्याची एक प्रत त्याच्याकडे ठेवावी आणि चित्रपट पूर्ण झाल्यावर तो सर्वांत आधी त्याच गावात दाखवावा.

बाहेरचे युनिट येते तेव्हा

मालिकेच्या निर्मितीत हक्क सहसा वाहिनीकडे जातात, त्यामुळे जिल्ह्यातल्या समूहाला मालिकेतून मालकी मिळण्याची शक्यता कमी असते; मिळतो तो रोजगार आणि सराव. म्हणून बाहेरचे युनिट आले की समूहाने स्थानिक लाइन प्रोड्युसर (चित्रीकरणाची जागेवरची सगळी व्यवस्था पाहणारा) म्हणून एकच दार ठेवावे आणि त्या दारातून आत येताना काही अटी लेखी घ्याव्यात. प्रत्येक विभागात किमान एक स्थानिक सहायक असावा, आणि तो चहा देण्यासाठी नसून त्या विभागाचे काम शिकण्यासाठी असावा. श्रेयनामावलीत त्याचे नाव यावे. शिफ्ट किती तासांची, जादा तासाचा दर किती, जेवणाची सुट्टी कधी आणि रात्री उशिरा पॅक अप झाल्यावर महिलांना घरी कोण सोडणार हे कॉलशीटवरच (दिवसाच्या कामाच्या वेळापत्रकावरच) असावे.

पैशाचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. मालिकांच्या क्षेत्रात नव्वद दिवसांनी पैसे देण्याची प्रथा सर्वांना ठाऊक आहे, आणि मुंबईत राहून एकापाठोपाठ एक कामे करणारा तंत्रज्ञ ती कशीबशी सोसतो. वसगड्यातला जेवण पुरवणारा माणूस किराणा दुकानाचे बिल आठवड्याला भागवत असल्याने ती सोसू शकत नाही. स्थानिकांचे पैसे आठवड्याला मिळतील आणि एका आठवड्याची रक्कम आगाऊ ठेव म्हणून समूहाच्या खात्यावर राहील, अशी अट घालावी. एका निर्मितीसंस्थेने आमच्याकडचे शेवटच्या दोन आठवड्यांचे पैसे बुडवले, आणि ज्यांनी ठेव मागितली नव्हती त्यांनाच ते बुडाले. अट ऐकून एखादे युनिट दुसऱ्या तालुक्यात जाईलही. जाऊ द्यावे.

जागेच्या मालकाबरोबर करार करताना चित्रीकरणाआधी घराच्या प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत, कारण रंग, खिळे आणि तुटलेली कौले यांवरूनच पुढचे वाद होतात.

परवानग्या आणि माणसांची सुरक्षितता

महाराष्ट्रात शासकीय जागांवरील चित्रीकरणासाठी गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीच्या महामंडळामार्फत एक खिडकी योजना चालते आणि गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा हे काम पाहते. तरीही प्रत्येक जागेचा मालक वेगळा असतो, हे विसरू नये. पन्हाळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत येतो, अंबाबाई आणि जोतिबा ही मंदिरे पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे आहेत, राधानगरीचे अभयारण्य वन विभागाकडे आहे. समूहाने आपल्या जिल्ह्यातल्या तीस-चाळीस जागांसाठी अर्ज कुणाकडे करायचा, किती दिवस आधी आणि शुल्क किती याचा तक्ता एकदाच करून ठेवला तर बाहेरचे निर्माते त्या तक्त्यासाठीही समूहाकडे येतात. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो, आणि उडवण्याआधी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावा. कोल्हापुरात उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच असल्याने हे विशेष आवश्यक आहे.

लहान मुले असलेल्या चित्रीकरणाला त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नियमांप्रमाणे मुलाने दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करता कामा नये, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त चित्रीकरण करता कामा नये, जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती असावी आणि मुलाच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत जावा. स्वतंत्र चित्रपटांत हे सर्रास टाळले जाते, आणि मुलांवरचे चांगले चित्रपट करण्याचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी ते टाळू नये. बैल, कोंबडा किंवा घोडा दृश्यात असेल तर प्राणी कल्याण मंडळाची चित्रीकरणापूर्वीची परवानगी घ्यावी. ती नसेल तर प्रमाणपत्राच्या वेळी अख्खे दृश्य अडकते.

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते आणि त्याहून लहान गटातल्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. समितीचे नंबर प्रत्येक कॉलशीटच्या तळाशी छापावेत. गावात सगळेच एकमेकांचे नातेवाईक किंवा ओळखीचे असतात, आणि म्हणूनच समितीत बाहेरच्या तालुक्यातली एक सदस्य असणे तक्रारदाराला मोठा आधार देते.

पैसा आणि साधने

भिशीची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि साधने घेण्यासाठी ती फार उपयोगी पडते, मात्र ती ठरावीक सदस्यांपुरती ठेवावी. ‘चित्रपटात पैसे गुंतवा, दुप्पट मिळतील’ असे सांगून गावातून रक्कम गोळा केली तर ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याच्या आणि अनियंत्रित ठेव योजनांवरील २०१९ च्या केंद्रीय कायद्याच्या कचाट्यात सापडण्याचा धोका आहे. देणगी घेतली तर तिला देणगीच म्हणावे आणि पावती द्यावी. परताव्याचे आश्वासन देण्याआधी वकिलाकडे जावे.

साधने विकत घेण्याचा क्रम सहसा उलटा असतो. आधी ध्वनिमुद्रणाची साधने घ्यावीत, कारण चांगला मायक्रोफोन पंधरा वर्षे चालतो; मग दिवे, स्टँड आणि केबल; सर्वांत शेवटी कॅमेरा, कारण तो तीन वर्षांत जुना होतो आणि गरजेपुरता भाड्याने मिळतो. साधन बाहेर जाताना आणि परत येताना दोघांच्या सहीची नोंद असावी, आणि बिघाड झाला तर भुर्दंड कुणी भरायचा हे भाडेपावतीवर छापलेले असावे.

अंदाजपत्रकात चित्रीकरणानंतरच्या कामांसाठी एकूण रकमेचा किमान तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात काढून ठेवावा, अशी माझी सूचना आहे. संकलन, ध्वनिमिश्रण, कलर ग्रेडिंग, इंग्रजी उपशीर्षके, डीसीपी (चित्रपटगृहात दाखवण्याची डिजिटल प्रत), प्रमाणपत्राचे शुल्क आणि महोत्सवांची प्रवेशशुल्के हे सगळे त्यातून भागते. राज्य शासनाचे अनुदान चित्रपट पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि परीक्षण समितीने दर्जा ठरवल्यावर मिळते, म्हणून त्या रकमेच्या भरवशावर चित्रीकरणासाठी कर्ज काढू नये. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की सेवांसाठी जीएसटी नोंदणी करावी लागते. इथे आधी उल्लेख केलेला चार्टर्ड अकाउंटंट कामाला येतो.

दाखवणे

तिकीट लावले नाही म्हणून प्रमाणपत्र लागत नाही, हा समज चुकीचा आहे. सार्वजनिक प्रदर्शनासाठी लघुपटालाही सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) गटाचे ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे तीन भाग झाले आहेत. धूम्रपानाचे दृश्य असेल तर आरोग्यविषयक इशारे आधी जोडावे लागतात, त्यामुळे ते दृश्य खरोखरच हवे का, हे पटकथेच्या टप्प्यावरच विचारावे. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी प्रमाणपत्राची तारीख कोणत्या वर्षातली आहे यावर पात्रता ठरते, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज करून तारखेवर जुगार खेळू नये. चित्रपट महोत्सवांत पाठवायचा असेल तर तोवर तो यूट्यूबवर टाकू नये, कारण अनेक महोत्सवांना पहिले प्रदर्शन हवे असते. माहितीपट आणि लघुपटांसाठी मुंबईचा मिफ आणि केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव, तसेच पुण्याचा पिफ आणि कोल्हापूरचा किफ या महोत्सवांच्या तारखा नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

चित्रपटगृहाचा पडदा मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण जिल्ह्यात पडदे तेवढेच नसतात. तालुक्याचे नाट्यगृह, महाविद्यालयाचे सभागृह, साखर कारखान्याचा सांस्कृतिक भवन हॉल आणि यात्रांतले तंबू टॉकीज यांच्याशी बोलून दहा गावांचा एक फेरा आखता येतो. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत सापडले तेव्हा नाटकवाल्यांइतकीच चित्रपटवाल्यांचीही जागा गेली. अशी सभागृहे चालू राहावीत म्हणून नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाच्या वेळी निवेदन देणे हेही या समूहाचेच काम आहे. फेऱ्यात तिकीट कमी ठेवावे, पण ठेवावेच, आणि प्रत्येक प्रयोगाची तिकीटविक्री लिहून ठेवावी. पुढच्या चित्रपटासाठी पैसे मागताना या आकड्यांइतके बोलके दुसरे काही नसते.

जाणारी माणसे

तयार झालेली चार माणसे दर दोन वर्षांनी मुंबईला किंवा पुण्याला जातील, आणि त्यांना अडवण्यात अर्थ नाही. प्रभात गेली तशी तीही जातील. जाणाऱ्याने निघण्यापूर्वी आपल्या जागी एक माणूस सहा महिने बरोबर ठेवून शिकवावा, असा नियम मात्र संस्थेत असावा. त्याचे नाव नोंदवहीतून काढू नये, फक्त पत्ता बदलावा आणि वर्षातून एका शनिवारी त्याला बोलवावे. आणि निघताना त्याच्याकडून साधनांच्या खोलीची किल्ली, समूहाच्या ईमेलचा आणि बँक खात्याचा पासवर्ड, तसेच त्याच्या घरी असलेली तिसऱ्या प्रतीची हार्ड डिस्क, सही घेऊन परत घ्यावी.